आपलं दूध कुठं जाते ते पाय

पाऊस ओसरला आणि कपाशीची पहिली बोंडं फुटायला लागली, की डोणगावच्या आमच्या कॉलनीत बायकांच्या बोलण्याचा विषय बदलायचा. एरवी नळाला पाणी आलं का, कुणाकडे पाहुणे उतरले, एवढ्यावर भागायचं. पण हे दिवस आले की पोरींच्या गाण्यांची भुलाबाई कुणाच्या घरी बसवायची, नवरात्रात आरतीचं ताट कुणाकडून निघणार, दसऱ्याला सोनं वाटायला किती वाजता बाहेर पडायचं, कोजागिरीचं दूध कुणाच्या अंगणात आटवायचं, असं सगळं ठरवायचं असे. ते ठरायचं नानाजींच्या ओट्यावर. नानाजी कॉलनीतले वयानं मोठे, गावाबाहेर त्यांची ओलिताची शेती, गोठ्यात दोन-तीन म्हशी. त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी खुर्च्या मांडल्याचा आवाज आला, की समजायचं, आज काहीतरी ठरणार. ठरलेलं आमच्या घरापर्यंत यायला एक दिवस लागायचा. कधी यायचंच नाही.

आता मी बुलडाण्यात राहते. आमच्या सोसायटीचा फोनवर ग्रुप आहे आणि दर वर्षी याच दिवसांत त्यावर 'आगामी कार्यक्रम' असा मथळा देऊन लांबलचक मजकूर येतो. घटस्थापना, रांगोळी स्पर्धा, रक्तदान शिबिर, मुलांचा गरबा, कोजागिरी. मी चष्मा लावून तो दोन-दोनदा वाचते. सून म्हणते, आई, एवढं काय वाचता त्यात? मी कार्यक्रम वाचत नसते. स्वागताला कोण, प्रसादाला कोण, दूध आटवायला कोण आणि सतरंज्या घालायला कोण, ते वाचत असते. आमंत्रण असं वाचायची रीत मला मायनं शिकवली.

बाबा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करायचे. त्याआधी त्यांची नोकरी वरवट बकालला होती आणि तिथं आम्ही आपल्याच लोकांच्या वस्तीत राहायचो. डोणगावला बदली झाली तेव्हा बाबांनी हट्टानं गावाच्या कडेच्या या नव्या कॉलनीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वर टिनपत्रे, पुढं मातीचं अंगण, कोपऱ्यात शेवग्याचं झाड. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मायनं पितांबरीनं घासून ठेवलेली पितळी समई. पहाटे नानाजींच्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या, मग आमच्या घरात माय भाकर थापायची तो आवाज, मग बाबा सायकलला पंप मारायचे तो. दुपारी कॉलनी सामसूम व्हायची आणि लांबून कापसाच्या गाड्यांचे बैल हाकलल्याचं ऐकू यायचं. त्या दिवसांत खायलाही चांगलं असायचं. ओल्या भुईमुगाच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, मुगाच्या कोवळ्या शेंगा, अंबाडीची भाजी आणि तिच्यावर लसणाची फोडणी. माय फोडणी टाकायच्या आधी दार लोटून घ्यायची. वास बाहेर गेला तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. "काही नाही होत," ती म्हणाली, "पण कोण नाक मुरडते थे मले पाहाव लागते. मंग जेवण जात नाही."

मायचा संशय असा होता. ती भांडखोर नव्हती, कुणाबद्दल वाईटसाईट बोलायची नाही. ती फक्त बघायची. दसऱ्याला आपट्याची पानं देताना कुणी हातात ठेवली आणि कुणी वरून सोडली, हे तिला वर्षभर आठवायचं. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेली तर चहा कोणत्या कपात आला आणि पिऊन झाल्यावर तो कप कुठं ठेवला गेला, याच्यावर तिची नजर असायची. दूध आम्ही नानाजींकडूनच घ्यायचो. त्यांचा गडी माप आमच्या भांड्याला टेकवत नसे, वरून धार सोडायचा. मायनं ते पहिल्याच दिवशी टिपलं.

"फेस यावा म्हणून करत असन," बाबा म्हणाले.

"फेस आपल्याच भांड्यात काऊन पायजे?" माय म्हणाली.

बाबा हसले. ते असल्या गोष्टींवर हसत. त्यांना माणसांवर विश्वास ठेवायला आवडायचं आणि त्याला कारणही होतं. त्याच पावसाळ्यात नानाजींची म्हैस अडली होती. पारडू आडवं आलेलं. डॉक्टर बाहेरगावी गेलेले, म्हणून नानाजी स्वतः भिजत आमच्या दारात आले. बाबा तसेच निघाले. खांद्यापर्यंत हात आत घालून त्यांनी पारडू फिरवलं आणि म्हैस आणि पारडू दोन्ही वाचवली. त्यानंतर नानाजी चारचौघांत बाबांना 'डॉक्टर' म्हणू लागले. मी शाळेतून येताना दिसले तर ओट्यावरून हाक मारून शेतातले पेरू द्यायचे. ते पेरू फार गोड असायचे आणि मी ते वाटेतच संपवायचे, कारण घरी नेले तर माय विचारायची, "हातात देल्ले का टाकले?" खरं सांगायचं तर ते माझ्या ओंजळीत टाकत. पण पेरू टाकला काय आणि दिला काय, त्या वयात मला एकच वाटायचं.

त्या वर्षी भुलाबाई माझी मैत्रीण ज्योती हिच्या घरी बसली होती. ज्योतीचं घर आमच्या समोर, तिच्या आईला सगळी कॉलनी शकुनकाकू म्हणायची. रोज दिवेलागणीला आम्ही पोरी एकेका घरी जाऊन गाणी म्हणायचो आणि शेवटी त्या घरच्या बाईनं झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. ओळखता येऊ नये म्हणून बायका काय काय युक्त्या करायच्या. आमच्या घरी भुलाबाई मांडत नसत, पण ज्योतीनं हट्ट केला, की वंदनाच्या, म्हणजे माझ्या, दारातही एक दिवस जायचं. माय आधी नको म्हणाली, मग दुपारभर बसून तिनं दाण्याचे आणि गुळाचे लाडू केले, त्यात सुंठ घातली. डबा कानाशी वाजवूनही पोरींना ओळखता आलं नाही. माय खूश झाली. तिनं प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना तिला कोपऱ्यावरच्या नालीजवळ तीन लाडू पडलेले दिसले. मुंग्या लागलेल्या. तिनं ते केरात भरले आणि मला फक्त एवढं विचारलं, "ज्योतीनं खाल्ला होता का?"

"हाव. माझ्यासमोर खाल्ला."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. पण त्या दिवशी भाकरी तिनं जरा जोरातच थापल्या.

त्यानंतर आठवड्याभरात शकुनकाकू कोजागिरीचं सांगायला आली. काकू ठेंगणी, गोरी, सतत घाईत असणारी बाई. दारातच उभी राहून बोलायची.

"वंदनाच्या आई, यंदा कोजागिरी सगळ्या कॉलनीची एकत्र करून राह्यलो. मैदानात. ज्यानं त्यानं आपल्या घरून दूध आणायचं, एकाच कढईत आटवायचं. लेकरायची संगीत खुर्ची, पोरींचे गाणे. ज्योती म्हणे, वंदनाचा आवाज चांगला हाय, तिले गाण्यात घेऊ. तर तुमी पण या."

माय पदराला हात पुसत उभी होती. "सगळेच येऊन राह्यले का?"

"हाव, सगळेच."

"नानाजी पण?"

"त्यायनंच तं ठरवलं."

"आमाले बोलवा, असं त्यायनं सांगतलं का?"

"सगळ्यायले सांग म्हणे."

"सगळ्यायले सांग म्हणे, का आमाले सांग म्हणे?"

"तुमी तं वकिलावानी इचारता बाई," काकू म्हणाली आणि हसली. पण तिच्या हसण्यात थोडा गोंधळ होता, तो मलाही दिसला. "या म्हणजे या. दूध दिवस बुडाल्यावर पाठवा," असं म्हणून ती पुढच्या घरी गेली.

रात्री जेवताना माय बाबांना म्हणाली, "सगळ्यायले म्हणे. त्या सगळ्यायत आपण हाव का नाही, हे तिले तरी कुठं मालूम हाय."

"अवं, बोलावलं ना? झालं मंग. नसतं बोलावलं तं तुले वाईट वाटलं असतं, बोलावलं तरी वाटून राह्यलं."

"वाईट नाही वाटून राह्यलं. मी इचार करून राह्यली."

"काय इचार?"

"आपलं दूध थे त्या कढईत टाकतीन का, हा इचार."

बाबांनी घास खाली ठेवला. "टाकतीन नाही तं काय करतीन? दूध थे दूध."

मायनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. तिनं लहानपणी काय पाहिलं होतं, ते तिनं आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. एकदाच, मी मोठी झाल्यावर, कुठल्यातरी लग्नाचं बोलली होती. गावातल्या मोठ्या घरचं लग्न, सगळ्या गावाला आवतण, आणि तिची आई तिला नवा परकर घालून घेऊन गेली. सगळं गाव जेवून उठेपर्यंत त्या दोघी गोठ्याच्या भिंतीला लागून बसून होत्या. "बोलावलं होतं," माय म्हणाली होती, "म्हणून तं गेलो." एवढंच.

कोजागिरीची पौर्णिमा म्हणजे आमच्याकडे वर्षावास, भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपायचा दिवस. सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून गावातल्या विहारात गेलो. बुद्धवंदना झाली, भोजनदान झालं. घरी येऊन मायनं खीर केली, त्यासाठी नानाजींकडून नेहमीपेक्षा जास्त दूध आणलं होतं. खिरीपुरतं काढून राहिलेलं तिनं स्टीलच्या गंजात ओतलं. गंज म्हणजे आमच्याकडे उभं पातेलं. तो तिच्या लग्नातला, काठावर बाबांचं नाव कोरलेला. दूध तिनं दुपारी एकदा तापवलं, संध्याकाळी पुन्हा तापवलं, साय मोडू दिली नाही. गंज राखेनं घासून असा लख्ख केला होता, की त्यात तोंड दिसावं. मी गुलाबी फ्रॉक घालून, दोन वेण्या घालून गाणं पाठ करत बसले होते. तिनं गंजावर ताटली झाकली, भोवती फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिला.

"जाय. शकुनकाकूच्या हाती दे. पण दिल्यावर तिथून हालू नको. आपलं दूध कुठं जाते ते पाय. आणि मंग घरी येऊन मले सांग. मी तवरोक येत नाही."

मैदान म्हणजे कॉलनीच्या मधली मोकळी जागा. एका बाजूला हातपंप, दुसऱ्या बाजूला कडुनिंब. विटांची चूल मांडून तिच्यावर मंडपवाल्याची मोठी कढई ठेवली होती. खांबावरून वायर ओढून ट्यूबलाइट लावलेला, खाली सतरंज्या. चंद्र नुकताच घरांवर आला होता. बायका भांडी घेऊन येत होत्या, शकुनकाकू एकेक भांडं उचलून कढईत ओतत होती आणि रिकामं भांडं परत देत होती. जवळच एका बाकड्यावर नानाजी बसले होते, स्वच्छ धोतर, अंगात पांढरी बंडी, आणि कुणाचं दूध किती पातळ यावर गमतीनं बोलत होते. सगळे हसत होते. मलाही बरं वाटलं. मायचा संशय फुकट जाणार, याचा मला आनंद होत होता.

मी गंज काकूच्या हातात दिला. तिनं फडकं सोडलं, ताटली काढली, गंज कढईवर नेला. आणि तेवढ्यात नानाजी म्हणाले, "थे राहू द्या. मंग पाहू."

आवाज मोठा नव्हता. रागाचा तर नव्हताच. चहात साखर नको म्हणावं, तसे ते म्हणाले. काकूचा हात थांबला. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग तिनं गंजावर ताटली ठेवली आणि तो बाकड्याखाली सरकवला. माझ्यामागं उभ्या असलेल्या बाईचं भांडं तिनं घेतलं आणि ओतलं. मला वाटलं, आता ते घेतील. आमच्यानंतर आलेल्या सगळ्यांचं दूध कढईत गेलं. मग साखर गेली, वेलदोड्याची पूड गेली, चारोळी गेली. गंज बाकड्याखालीच राहिला. ज्योती मला गाण्याच्या ओळीत उभं राहायला बोलवत होती आणि मी ट्यूबलाइटच्या उजेडात आमच्या गंजाचा चकाकणारा काठ बघत उभी होते.

घरी जाताना मी मुद्दाम हळू चालले. खरं सांगितलं तर गाणं गेलं, संगीत खुर्ची गेली, पुढच्या वर्षीची भुलाबाईही गेली, हे मला कळत होतं. दूध कढईत टाकलं असं सांगायचं, एवढंच तर होतं. पण दारात माय उभीच होती. तिनं माझं तोंड पाहिलं.

"कुठं ठेवलं?" तिनं विचारलं. टाकलं का, असं विचारलं नाही.

"बाकड्याखाली."

"कोण म्हणे?"

"नानाजी."

बाबा खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. त्यांनी तो बंद केला. मग म्हणाले, "इसरले असतीन गडबडीत." पण ते वाक्य त्यांनाच पटलं नाही, कारण ते लगेच उठून चप्पल शोधायला लागले. "मी जातो. गंज घेऊन येतो."

"गंज आणाले नाही जायचं," माय म्हणाली. तिनं चूल विझवली, केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला. "आणि तुमी नोका येऊ. तुमाले उद्या त्यायच्याच गोठ्यात जा लागते. मीच जाते." मला म्हणाली, "चाल. तुले गाणं म्हणायचं हाय ना?"

आम्ही मैदानात पोचलो तेव्हा दूध चांगलं आटत आलं होतं, वेलदोड्याचा वास सगळीकडे पसरला होता. लोक सतरंज्यांवर बसले होते. शकुनकाकू लांब दांड्याच्या झाऱ्यानं दूध हलवत होती. माय कुणाशी बोलली नाही, कुणाकडं पाहून हसली नाही. सरळ चुलीपाशी गेली, वाकली आणि बाकड्याखालून गंज काढला. तिचं ते वाकणं आणि उठणं मला आजही तसंच दिसतं, घरात फडताळातून भांडं काढावं इतकं साधं.

"हे राह्यलं वाटते," ती म्हणाली.

बोलणी थांबली. नानाजी बाकड्यावरून उठले. "आता राहू द्या, बाई. आटून झालं. कच्चं दूध टाकलं तं सगळं नासन."

"तापवूनच आणलं, नानाजी. दोनदा तापवलं." मायचा आवाज जराही चढला नव्हता. "आणि दूध तुमच्याच म्हशीचं हाय. सकाळी तुमच्याच घरून आणलं. भांडं तेवढं आमचं."

आणि तिनं गंज कढईवर तिरपा केला. घाई केली नाही. दुधाची धार पांढऱ्या दुधात पडत राहिली, गंज रिकामा झाला तरी तिनं तो उलटा धरला, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग तिनं काकूच्या हाताकडं हात केला. "तुमचे हात दुखले असतीन. द्या, मी हालवते."

काकूनं झारा दिला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. माय दूध हलवायला लागली. वाफ तिच्या तोंडावर येत होती, ती मागं सरली नाही. मग नानाजींनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मले साखरेचं पथ्य हाय. तुमी घ्या." दसऱ्याला त्याच माणसाला मी पुरणपोळीवर गुळवणी घेताना पाहिलं होतं. ते गेले. त्यांच्या मागं दोन घरांनी लेकरं उठवली. एक बाई म्हणाली, मुलाला सकाळची शाळा आहे. दुसरीनं कारणही सांगितलं नाही. लाडू कुणी टाकले असतील, ते मला तेव्हा कळलं.

बाकीचे बसून राहिले. पण पुढं कुणी येईना. मायनं पेले भरून ताटात मांडले, ताट तसंच राहिलं. तेव्हा ज्योती उठली. तिला यातलं किती कळलं होतं, मला ठाऊक नाही. तिनं आईला विचारलं, "घेऊ?" काकूनं मायकडं पाहिलं, माय काकूकडं बघत होती. "घे," काकू म्हणाली. ज्योतीनं एक पेला उचलला, पाठोपाठ काकूनंही उचलला आणि उभ्याउभ्याच प्याली. मग शाळेतले एक गुरुजी आले, मग हळूहळू सगळे. माय वाढत होती आणि बघत होती. कोण पूर्ण पितं, कोण ओठाला लावून खाली ठेवतं, कोण पेला घेऊन अंधाराकडं जातं. तिच्या नजरेतून काही सुटलं नसेल. मी गाणं म्हटलं. माझा आवाज पहिल्या कडव्याला लागलाच नाही, दुसऱ्याला लागला. गाताना मला कडुनिंबाखाली बाबा उभे दिसले. ते आमच्या मागून आले होते आणि उजेडात आले नव्हते.

घरी आल्यावर माय खाटेवर बसली. बाबांनी तिला पाणी दिलं. वाफेनं तिचं मनगट लाल झालं होतं, त्यांनी दवाखान्यातलं मलम लावलं. तिनं फक्त मला विचारलं, "तू प्याली का?" मी हो म्हणाले. "कसं झालं होतं?" मी म्हणाले, चांगलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एवढ्यांना वाढून ती स्वतः प्यालीच नव्हती.

पुढं काय झालं, ते इथंच सांगून टाकते. नानाजींनी आमच्याशी भांडण केलं नाही. दूध बंद केलं नाही, मायनंच ते घेणं बंद केलं आणि बाजारातून आणायला लागली. म्हैस आजारी पडली की ते बाबांना बोलवायचे आणि बाबा जायचे, मात्र तिथला चहा त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही. डॉक्टर म्हणून हाक मारली तरी पूर्वीसारखे हसायचे नाहीत. बाबांचा तो हसरा विश्वास त्या संध्याकाळी बराचसा गेला आणि मला मायच्या धाडसाचा जेवढा अभिमान वाटतो, त्याहून जास्त त्याचं वाईट वाटत आलं आहे. माणूस संशयी होतो ते कुठल्यातरी एका दिवशी होतो. बाबांचा तो दिवस मी पाहिला.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. बाबा दवाखान्यात गेले होते, माय अंगणात भांडी घासत होती. शकुनकाकू आली. तिच्या हातात झाकलेला तांब्या होता. ती दारात थांबली नाही, आत आली आणि स्वयंपाकाच्या जागी खाली बसली.

"तुमी काल प्यालं नाही," ती म्हणाली. "मी पाह्यत होती. म्हणून थोडं ठेवलं."

माय हात धुऊन आत आली. "सगळ्यायले पुरलं पायजे म्हणून नाही घेतलं."

"मले तवाच बोलाले पायजे होतं. त्यायनं राहू द्या म्हटलं तवा."

"हाव," माय म्हणाली. जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही. काकूनं मान खाली घातली आणि तशीच बसून राहिली, उठून गेली नाही.

मायनं तांब्यावरचं झाकण काढलं. दूध घट्ट झालं होतं, वर साय धरली होती. तिनं ते नाकाजवळ नेऊन हुंगलं, उजेडाकडं धरून पाहिलं. मला लाज वाटली, पण काकूनं ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. मग मायनं फळीवरून आमच्या रोजच्या वापरातले दोन कप काढले, दूध सारखं वाटलं, एक काकूच्या पुढ्यात ठेवला आणि दुसरा आपल्या. आणि ती थांबली. कपाला हात लावला नाही. काकूकडं बघत बसली.

काकूला कळायला क्षणभर वेळ लागला. कळल्यावर तिचा चेहरा उतरला, मग सावरला. तिनं कप उचलला आणि सावकाश, सगळा प्याली. रिकामा कप खाली ठेवून तोंड पुसलं.

"आता प्या," ती म्हणाली.

मग मायनं आपला कप उचलला. दोन घोट घेतले, थांबली, तिसरा घेतला.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.

"कमीच झाली जराशी."

"पुढल्या वर्षी साखर मी टाकीन." मायनं कप संपवला. "आणि मले बोलवाले येऊ नोका. मी आपली येईन."